कोणालाही न हलवता

१९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एका प्रोग्रामिंग भाषेचा पहिला नमुना उभा केला. वेबपानांवर थोडी हालचाल आणायची, एवढंच तिचं काम. आज रेल्वेचं आरक्षण असो, बँकेचा व्यवहार असो की नकाशा, ब्राउझरमध्ये तीच जावास्क्रिप्ट राबते. घाईतले दोष तिच्यात होतेच. पण ते काढायला गेलं की एक अट आडवी येते: काल चालणारं पान आज बंद पडता कामा नये.

अट इतकी कडक का? पायथन भाषेने २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आणताना जुन्याशी सरळ फारकत घेतली. पायथन वापरणारा आपल्या यंत्रावर कुठली आवृत्ती ठेवायची हे निदान स्वतः ठरवतो. वेबवर पान लिहिणारा एक, ब्राउझर बनवणारा दुसरा, वाचणारा तिसरा. १९९८ मध्ये पान लिहिणारा केव्हाच दुसऱ्या उद्योगाला लागलेला असतो आणि वाचकाचा ब्राउझर मात्र परस्पर अद्ययावत होत राहतो. पान मोडलं तर दुरुस्त करणार कोण? मुंबईत चाळ पाडून इमारत बांधताना रहिवाशांना संक्रमण शिबिरात तरी हलवतात. इथे कोणालाच हलवायची सोय नाही, आणि इमारत मात्र नवी हवी.

मग जागा काढायची कुठून? या भाषेचं मानक ठरवणाऱ्या टीसी३९ समितीची एक युक्ती मला थक्क करते: चालत्या कोडमध्ये जे असूच शकत नाही, ते हुडकायचं. बरोबरचं चिन्ह आणि त्याला चिकटून 'पेक्षा मोठे'चं चिन्ह, अशी जोडी पूर्वी लिहिली की प्रोग्राम चालायचाच नाही. म्हणजे धड चालणाऱ्या कुठल्याही कोडमध्ये ती सापडणं शक्य नव्हतं. २०१५ च्या आवृत्तीत तिलाच फंक्शन थोडक्यात लिहिण्याचा अर्थ दिला.

२००९ मधली शक्कल याच्या उलट्या दिशेची. नियम कडक करायचे होते, पण ज्याला हवेत त्याच्यापुरते. त्यासाठी कोडच्या माथ्यावर अवतरणचिन्हांत 'यूज स्ट्रिक्ट' लिहायचं ठरलं. जुन्या ब्राउझरच्या लेखी ती नुसती अक्षरांची माळ. तो ती वाचतो, काहीही करत नाही, पुढे जातो. नव्याला मात्र ती आज्ञा. निरर्थक वाक्याच्या पोटात नवी भाषा दडवली!

सगळीकडे अशी रिकामी जागा सापडत नाही. २०१८ मध्ये यादीतल्या याद्या उलगडून एकसलग करणारी 'फ्लॅटन' ही सोय फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत आली आणि एक संकेतस्थळ बिघडलं. मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने त्याच नावाची आपली सोय केव्हाच भाषेत घुसवून ठेवली होती. लायब्ररीचा जमाना सरला, पण तिच्यावर उभी असलेली पानं जिवंत होती. गमतीने 'स्मूश' हे नाव पुढे आलं, त्यावरून बरीच हमरीतुमरी झाली आणि अखेर 'फ्लॅट' ठरलं. माघार समितीने घेतली, लोक विसरत चाललेल्या लायब्ररीने नव्हे. त्याआधी 'कंटेन्स'चं 'इन्क्लूड्स' झालं, तेही मूटूल्समुळेच.

काही चुकांना तर कायमचं अभय मिळालंय. 'काहीच नाही' दाखवणाऱ्या 'नल'चा प्रकार विचारला की भाषा 'ऑब्जेक्ट' म्हणून सांगते. पहिल्या नमुन्यात ऑब्जेक्टची खूण शून्य होती आणि नल म्हणजेही सगळी शून्यंच, म्हणून हा घोळ. दुरुस्तीचा प्रस्ताव आला, पण तिने चालती पानं मोडतात म्हणून तो बाजूला पडला. 'गेटइयर'चीही तीच गत. संगणकावर ब्राउझरचं कन्सोल उघडून आजच्या तारखेचं साल त्याच्याकडून काढून पाहा. तो अजूनही १९०० वजा करूनच उत्तर देतो.