पंधरा इंचांची रेल्वे

इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, केंट परगण्यात, रॉम्नी मार्श नावाचा सपाट, पाणथळ मुलूख आहे. मेंढ्यांची कुरणं, पाण्याचे चर आणि पलीकडे समुद्र. या किनाऱ्याच्या कडेकडेनं हाइथ ते डंजनेस अशी साडेतेरा मैलांची, म्हणजे जवळजवळ २२ किलोमीटरची रेल्वे आहे. तिच्या दोन रुळांमधलं अंतर किती? फक्त १५ इंच! माथेरानच्या गाडीला आपण लहान म्हणतो, पण तिचे रूळसुद्धा दोन फुटांचे.

एवढी लहान गाडी म्हणजे बागेतलं खेळणं, असं कुणालाही वाटेल. पण ही रेल्वे सुरुवातीपासून खेळणं म्हणून बांधलेलीच नव्हती. तिला कायद्यानं सार्वजनिक रेल्वेची परवानगी घ्यावी लागली, आणि त्याबरोबर सार्वजनिक रेल्वेची सगळी जोखीमही आली.

कल्पना दोन श्रीमंत मोटारशर्यतवाल्यांची. एक काउंट लुई झ्बोरोव्स्की आणि दुसरे कॅप्टन हाउवी, ज्यांच्या घराण्याचा पैसा ऑस्ट्रेलियात मेलबर्नमधल्या जमिनीतून आलेला. झ्बोरोव्स्कींनी दोन इंजिनांची मागणी नोंदवली आणि १९२४ साली इटलीत मोंझाच्या शर्यतीत त्यांचा मृत्यू झाला. हाउवींनी हट्टानं काम पुढे नेलं. आराखडे हेन्री ग्रीनली या अभियंत्याचे. १९२६ साली ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे पुढचे राजे सहावे जॉर्ज, यांनी इथलं एक इंजिन स्वतः चालवून पाहिलं. १६ जुलै १९२७ रोजी हाइथ ते न्यू रॉम्नी हा भाग सुरू झाला, आणि पुढच्या वर्षी गाडी डंजनेसच्या गोट्यांच्या किनाऱ्यापर्यंत, तिथल्या दीपगृहापाशी पोहोचली.

ग्रीनलींनी त्या वेळच्या मोठ्या ब्रिटिश एक्सप्रेस इंजिनांचा नमुना घेऊन तो एक तृतीयांश केला. डब्यांचं मात्र तसं करता येत नाही, कारण आत बसणारी माणसं पूर्ण आकाराचीच असतात! त्यामुळे डबे रुळांच्या मानानं बरेच रुंद दिसतात. ड्रायव्हर एकटाच असतो. कोळसा टाकणं, बॉयलरमधल्या पाण्याकडे लक्ष ठेवणं, शिट्टी देणं, सगळं त्याच्याच हाती. वेगमर्यादा ताशी २५ मैल. हाइथ ते न्यू रॉम्नी दुहेरी मार्ग आहे, पुढे एकेरी, आणि डंजनेसला रूळच गोल वळण घेऊन परत येतात, म्हणजे इंजिन फिरवायला नको.

दुसऱ्या महायुद्धात समोरच्या फ्रान्समध्ये जर्मन सैन्य येऊन बसलं, तेव्हा लष्करानं ही रेल्वे ताब्यात घेतली. हर्क्युलिस नावाच्या इंजिनाला चिलखत चढवलं, सोबतच्या वाघिणींवर हलक्या बंदुका बसवल्या आणि ही चिमुकली गाडी किनाऱ्यावर गस्त घालू लागली. पुढे समुद्राखालून फ्रान्सला इंधन नेणाऱ्या नळांची वाहतूकही याच रुळांवरून झाली. त्या ओझ्यानं मार्ग खिळखिळा झाला. डंजनेसचा भाग १९४७ साली पुन्हा सुरू झाला, तोही लॉरेल आणि हार्डी या जोडगोळीच्या हस्ते.

हाउवी १९६३ साली गेले. त्यानंतर दुरुस्तीचा खर्च डोईजड झाला आणि रेल्वे बंद पडायची वेळ आली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला विल्यम मॅकअल्पाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घेतली, म्हणून ती वाचली.

तिचं खरं दुखणं आहे रस्त्यांचं. लांबी, रुंदी, उंची तिसऱ्या हिश्शावर आणली की वजन सत्ताविसाव्या हिश्शावर येतं. मोठ्या गाडीवर मोटार आदळली तर चुराडा मोटारीचा होतो. इथे इंजिनही कलंडतं, आणि ड्रायव्हर जमिनीपासून हातभरच उंच बसलेला असतो. कित्येक ठिकाणी रस्ता ओलांडताना फक्त लुकलुकणारे दिवे होते. २००३ आणि २००५ साली मोटारींशी टक्कर होऊन दोन ड्रायव्हरांचा जीव गेला. त्यानंतर तिथे आडवे दांडे बसवण्याचं काम हाती घेण्यात आलं. एका लहानशा रेल्वेला हा खर्च सोपा नव्हता, पण दिवा पाहून मोटारवाला थांबेलच, हा भरवसा फार महाग पडला होता.

आणि गाडीत फक्त सहलीला आलेले लोकच बसत असं नाही. १९७७ पासून परगण्याच्या प्रशासनाशी झालेल्या करारानुसार ती शाळेच्या दिवसांत किनाऱ्यावरच्या गावांतली मुलं न्यू रॉम्नीच्या शाळेत नेत असे. पावसाळी, थंडीच्या सकाळीसुद्धा. ही सेवा २०१५ साली संपली.