कळवायला उशीर झाला म्हणून

मोटार विम्याच्या पॉलिसीतली पहिलीच शर्त अशी असते : अपघात किंवा नुकसान झाले की कंपनीला तातडीने लेखी कळवा, समन्स किंवा दाव्याचा कागद आला तर तोही लगेच पाठवा. तातडीने म्हणजे किती दिवसांत, हे पॉलिसीत लिहिलेले नसते. त्यावर वर्षानुवर्षे भांडणे झाली.

गाडीखाली सापडलेल्या माणसाच्या वाटेत मालकाचा हा उशीर फारसा आला नाही. नुकसानभरपाई देण्यापासून कंपनीला कोणत्या कारणांनी सुटता येईल, हे १९३९च्या मोटार वाहन कायद्याने ठरवून दिले होते. त्याबाहेरचा बचाव चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये सांगितले. १९८८च्या कायद्यानेही तीच वाट धरली. दाव्याची नोटीस कंपनीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणामार्फत जाते. मालक गप्प बसला म्हणून जखमीची भरपाई बुडत नाही.

अडकला तो मालकच, प्रीमियम भरणारा. एका मोटारीच्या चोरीची तक्रार जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांत लगेच गेली होती, पण कंपनीला कळवले गेले मे महिन्यात. जिल्हा ग्राहक मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत सर्वांनी कंपनीला सांगितले, मालकाला पैसे द्या. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ऑगस्ट २०१०मध्ये ते आदेश रद्द केले. कंपन्यांना क्लेम नाकारायला हे हक्काचे कारण मिळाले.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. अपघातानंतर सर्व्हेअर गाडी दुरुस्त होण्याआधी पोहोचला नाही, तर नुकसान नेमके कशाने झाले ते शोधणार कसे? पण उशिराने कंपनीचे प्रत्यक्षात काय बिघडले, हे विचारायचेच नाही आणि नुसती तारीख दाखवून फाइल बंद करायची, ही चलाखी झाली. विमा नियामक इरडाने २० सप्टेंबर २०११च्या परिपत्रकात हेच सुनावले : उशिराचे कारण तपासा, नोंदवा, आणि वेळेत आला असता तरी जो क्लेम नाकारावा लागला असता तेवढाच नाकारा. या सगळ्या वादात इतके सरळ वाक्य दुसरे नाही. तरी क्लेम नाकारल्याची पत्रे जात राहिली.

२०१७ मध्ये न्यायालयाचा सूर बदलला. चोरीला गेलेल्या एका ट्रकच्या मालकाने कंपनीला आठवड्याभराने कळवले होते, कारण ट्रकच्या शोधासाठी पोलिसांनीच त्याला थांबवून ठेवले होते. त्याला पैसे मिळाले. मात्र २०१०चा निकालही उभाच होता, म्हणून प्रश्न तीन न्यायमूर्तींपुढे गेला. २४ जानेवारी २०२० रोजी निकाल लागला. तो लिहिला होता आपल्या अमरावतीच्या भूषण गवई यांनी. प्रकरण ट्रॅक्टरचोरीचे. एफआयआर त्याच दिवशी, कंपनीला खबर दीड महिन्याहून जास्त उशिरा. न्यायालयाने अपघात आणि चोरी यांत फरक केला. अपघातात सर्व्हेअरची पाहणी महत्त्वाची. चोरीत तपास पोलिसांचा, आणि त्यांना लगेच कळवले असेल तर मालकाच्या खरेपणावर शंका घ्यायला जागा उरत नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये पाच महिन्यांच्या उशिरालाही हेच लागू झाले. अपघातग्रस्त गाडीच्या मालकाला मात्र या निकालांचा तेवढा आधार नाही. त्याने आजही सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत गॅरेजवाल्याला थांबवलेलेच बरे.

मालकाची मुदत अशी सैल होत असताना जखमीची आवळली गेली. १९८८च्या कायद्यात त्याला दाव्यासाठी सहा महिने होते, सबळ कारण असल्यास वर्षापर्यंत सूट. १९९४च्या दुरुस्तीने ती अट काढली. २०१९च्या दुरुस्तीने सहा महिने परत आणले, १ एप्रिल २०२२पासून, आणि या वेळी सवलतीची तरतूदही ठेवली नाही. हात-पाय मोडून पडलेल्याला किंवा घरातला कमावता माणूस गमावलेल्यांना कागद जमवायलाच सहा महिने लागतात. या तरतुदीला आव्हान मिळाले, आणि केवळ उशिरा आला म्हणून दावा फेटाळू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५मध्ये अंतरिम आदेशाने न्यायाधिकरणांना सांगितले.