धावणाऱ्याची टाच सोनोग्राफीत

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते. वडसा, आरमोरी, कुरखेडा भागातली पोरे त्यासाठी महिनोन्‌महिने घाम गाळतात. त्याचा भार सोसते ती टाचेमागची कंडरा, म्हणजे पोटरीचा स्नायू हाडाला जोडणारा चिवट पट्टा.

■ फरक काय? वर्षानुवर्षे पळणाऱ्यांची ही कंडरा न पळणाऱ्यांपेक्षा सरासरीने जाड भरते. बॅडमिंटन आणि तलवारबाजीत पुढे टाकायच्या पायाच्या गुडघ्याखालची कंडरा दुसऱ्या पायापेक्षा जाड आढळते.

■ संगणक काय मोजतो? सोनोग्राफीच्या चित्रातली कंडरेची जाडी, आडव्या छेदाचे क्षेत्रफळ आणि करडेपणा. प्रत्येक ठिपक्याला ० (काळा) ते २५५ (पांढरा) असा अंक मिळतो. निरोगी कंडरेत कोलॅजनचे तंतू समांतर, उजळ रेषांसारखे दिसतात. इजा झाली की भाग फुगतो, रेषा विस्कटतात, काळपट डाग उमटतात.

■ फसगत कुठे? त्वचेवर टेकवायचा सोनोग्राफीचा प्रोब जरा कलला तरी धडधाकट कंडरा काळी दिसते. म्हणून तुलनेसाठी मशीन, सेटिंग आणि कोन एकच हवा.

■ डाग म्हणजे आजार? नेहमी नाही. काहीही न दुखणाऱ्या खेळाडूंतही असे बदल सापडतात. निदान चित्र आणि तपासणी मिळून होते.

■ तपासणी कुठे? गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४च्या कायद्यामुळे सोनोग्राफी नोंदणीकृत केंद्रातच करता येते, मग ती टाचेची का असेना.

■ काय करावे? सकाळी उठताच टाच आखडत असेल, पळताना दुखत असेल तर अंतर कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा.