भिंगारकर आणि भिंगारदिवे: एका गावाची दोन आडनावे

आजचा विषय आडनावांचा आहे. आडनाव येते कुठून, ते किती घरांत आहे हे मोजायचे कसे, आणि मोजल्यावर त्यातून कळते काय, अशा तीन गोष्टी आपण पाहू. त्यासाठी लांब जायला नको. ज्या भिंगारमध्ये आपण बसलो आहोत, त्याच गावाचे नाव घेऊन फिरणारी दोन आडनावे आहेत, भिंगारकर आणि भिंगारदिवे. महाराष्ट्रभराचा विचार केला तर दोन्ही विरळ. जाधव, शिंदे, पवार, कांबळे यांच्या गर्दीत ती हरवून जातात. पण विरळ आडनाव अभ्यासाला फार सोयीचे असते. जाधव कुठून आले हे विचारले तर उत्तरे शंभर. विरळ आडनावाचा माग बऱ्याचदा एखाद्या ठिकाणापर्यंत, एखाद्या कुळापर्यंत काढता येतो.

आधी गावाचे नाव पाहू. भिंगार हे नगर शहराहून जुने. मलिक अहमद निजामशहाने १४९४ मध्ये शहर वसवायला घेतले ते भिंगारच्या शेजारी. १७०७ मध्ये औरंगजेब वारला तो इथल्याच छावणीत. पुढे इंग्रजांची छावणी झाली आणि गावाला 'भिंगार छावणी' असे जोडनाव मिळाले. आता शहराचे नाव अहिल्यानगर झाले, पण शेजारचे भिंगार ते भिंगारच राहिले.

'भिंगार' या शब्दाबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक कथा भृंग ऋषींची. दुसरी व्युत्पत्ती संस्कृत 'भृंगार' या शब्दाकडे बोट दाखवते. भृंगार म्हणजे झारी, अभिषेकाचे पात्र. ध्वनीच्या नियमाने पाहिले तर दुसरी वाट सरळ आहे. शृंग या शब्दाचे मराठीत शिंग झाले, शृंगाराचा शिणगार झाला, दृष्टीची दिठी झाली. ऋकाराचा इकार होतो. तेव्हा भृंगारचा भिंगार व्हायला काहीच अडचण नाही. पण बरं का, ध्वनीच्या दृष्टीने शक्य असणे आणि तसे घडलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावाला झारीचे नाव का पडावे, याचे उत्तर ध्वनिनियम देत नाही. त्याला जुना लेख लागतो, ताम्रपट लागतो. आडनावांच्या बाबतीत हाच फरक पुढे आपल्याला पुन्हा लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आता 'भिंगारकर'. गावाच्या नावाला 'कर' लावले की आडनाव तयार होते, हे आपल्याला पाठच आहे. पण जरा विचार करा. भिंगारमध्ये राहणाऱ्या माणसाला भिंगारकर म्हणून उपयोग काय? इथे सगळेच भिंगारचे. नावाचे काम असते एकाला दुसऱ्यापासून वेगळे करण्याचे. जे सगळ्यांना लागू पडते त्याने कोणीच वेगळा होत नाही. म्हणजे 'कर' लावलेले आडनाव सहसा गावात जन्मत नाही. माणूस गाव सोडतो, दुसरीकडे जातो, तिथले लोक विचारतात, "हे कुठले?" आणि उत्तर मिळते, "भिंगारकर." आडनाव हे गाव सोडल्याची नोंद आहे.

दोन ठळक उदाहरणे घ्या. दीनानाथ मंगेशकर जन्मले गोव्यातल्या मंगेशीला. मंगेशीत मंगेशकर म्हणवून घेण्यात काय वेगळेपण? ते नाव गाजले ते गोव्याबाहेर, मराठी रंगभूमीवर. दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. कुळाचे आडनाव सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे. त्यावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव शाळेच्या रजिस्टरात चढले ते साताऱ्यात. गाव कोकणात, नोंद घाटावर. अशी आडनावे तयार होण्याची रीत एवढ्या एका नोंदीत दिसते.

ही रीत फक्त आपली नाही. नगरकरांना जर्मन माणूस तसा अपरिचित नाही. दोन्ही महायुद्धांत इंग्रजांनी पकडलेल्या जर्मन लोकांना नगरच्या छावणीत आणून ठेवले होते. त्यांच्यात गावावरून आडनाव करायचा प्रत्यय आहे 'अर'. न्यूर्नबर्गचा तो न्यूर्नबर्गर, फ्रँकफुर्टचा तो फ्रँकफुर्टर. आणि तिथल्या अभ्यासकांचे म्हणणे तेच, की न्यूर्नबर्गर हे नाव न्यूर्नबर्गच्या बाहेर पडलेल्याला मिळाले. जर्मनीत काही गावे मध्ययुगात ओस पडली, नकाशावरून गेली, पण त्यांच्यावरून पडलेली आडनावे अजून चालू आहेत. गाव मेले, आडनाव राहिले.

एक सावधगिरी मात्र हवी. नॉयश्टाट, म्हणजे नवे शहर, या नावाची गावे जर्मनीत कितीतरी. त्यामुळे नॉयश्टेटर आडनावाचा माणूस त्यांतल्या कुठल्या गावचा, हे नावावरून सांगता येत नाही. आपल्याकडेही पनवेल तालुक्यात भिंगार नावाचे गाव आहे. तेव्हा मुंबईत किंवा रायगडात एखादे भिंगारकर भेटले की लगेच "आमच्या नगरचे" म्हणू नये. आधी कुलदैवत विचारावे, जुने सोयरे कुठल्या बाजूचे ते विचारावे, जमिनीचा जुना कागद असेल तर तो पाहावा.

आणखी एक गंमत पाहा. भिंगार नगरच्या इतके जवळ. इथून लांब गेलेला माणूस स्वतःला नगरकर का म्हणवत नाही? नगरकर हे आडनावही आहेच, कादंबरीकार किरण नगरकर आपल्याला माहीत आहेत. जो नाव देतो त्याला नगर आणि भिंगार यांतला फरक माहीत असेल, तरच तो भिंगारकर म्हणेल. म्हणजे नाव देणारा एक तर आसपासच्या मुलखातला असणार, नाहीतर भिंगारची स्वतःची ओळख दूरवर पोचलेली असणार. आडनाव त्या माणसाबद्दल जेवढे सांगते, तेवढेच नाव देणाऱ्याबद्दलही सांगते.

आता 'भिंगारदिवे'. इथे प्रत्यय 'कर' नाही. नावाचे दोन तुकडे पडतात, भिंगार आणि दिवे. पहिला तुकडा गावाचा, हे उघड वाटते. दुसऱ्याचे काय? एक वाचन असे की 'दिवे' हेच मूळ आडनाव आणि भिंगारला राहिलेली त्यांची शाखा ती भिंगारदिवे. एकाच आडनावाची घरे वाढली की गावाचे नाव जोडून शाखा ओळखायची, ही पद्धत समजण्यासारखी आहे. दुसरे वाचन असे की दिवे म्हणजे खरोखरचे दिवे. एखादा मान, एखादे काम किंवा एखादे टोपणनाव. आपल्याकडे 'रणदिवे' आहे, दिवटी धरणाऱ्यावरून 'दिवटे' आहे. तिसरी गोष्ट, काही ठिकाणी 'भिंगारदेवे' असेही लिहितात. मग मूळ दिवे की देवे, असा प्रश्न उभा राहतो.

इथे मघाचा फरक आठवा. तिन्ही वाचने भाषेच्या दृष्टीने शक्य आहेत. निवाडा कागदच करणार. ज्या घराण्याच्या दोन पिढ्या आधीच्या कागदात नुसते 'दिवे' सापडेल, तिथे पहिल्या वाचनाला बळ मिळेल. जिथे जुन्या कागदात सगळीकडे 'देवे' असेल, तिथे दिव्यांची कथा सोडून द्यावी लागेल. आणि दोन घराण्यांची दोन उत्तरे निघाली तरी बिघडत नाही. एकच आडनाव दोन ठिकाणी स्वतंत्रपणे तयार होऊ शकते.

पण कागद किती मागे नेतो? कोरेगाव भीमाचा स्तंभ इथून पुण्याच्या वाटेवरच आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या सैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत. त्यांतल्या महार सैनिकांच्या नावांना 'नाक' हा शेवट आहे, आडनाव नाही. जुन्या मराठी कागदांतही सामान्य माणूस 'अमुक बिन अमुक, मौजे अमुक' असाच भेटतो. स्वतःचे नाव, बापाचे नाव, गाव. आडनाव बोलण्यात असेलही, पण ते सक्तीने कागदावर आणले शाळेच्या रजिस्टराने, पलटणीच्या यादीने, कोर्टाने, आणि नगर भागात मिशनच्या बाप्तिस्म्याच्या वहीनेही. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ पासून आहे. जर्मनीतही चर्चच्या वह्यांनी आधी नावे सांभाळली, आणि १ जानेवारी १८७६ पासून सबंध साम्राज्यात सरकारी नोंदणी आली, तेव्हा आडनावांची स्पेलिंगे गोठली. कारकुनाने त्या दिवशी जे लिहिले ते कायमचे झाले. आपल्याकडच्या दिवे-देवे प्रकरणात कुठल्यातरी मास्तरांच्या टाकाचा हात असू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

आता मोजणीकडे येऊ. आपल्या जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांत आडनावांचा तक्ता नसतो. जर्मन अभ्यासकांनी युक्ती केली. त्यांनी २००५ सालच्या टेलिफोन जोडण्यांची यादी घेतली आणि आडनावांचे नकाशे काढले. कोन्राड कुंत्से आणि दामारिस न्यूब्लिंग यांच्या संपादनाखाली त्याचे जाडजूड खंड निघाले. आपल्याला तसेच काम मतदारयाद्यांवरून करता येईल.

मात्र आकडा वाचायचा कसा, ते नीट समजून घ्या. समजा, एका गावात दोन हजार मतदार आहेत आणि त्यांत दहा भिंगारदिवे. शहरातल्या एका यादीत दोन लाख मतदार आहेत आणि त्यांत चाळीस भिंगारदिवे. कुठे जास्त? नुसते मोजले तर शहरात चौपट. पण लाखामागे काढले तर गावात पाचशे आणि शहरात वीस. म्हणजे दाटी गावात पंचवीसपट. उगम शोधताना दाटी पाहायची. शहराचा आकडा फक्त एवढेच सांगतो की लोक पोटापाण्यासाठी तिकडे गेले. आणि 'कर'वाल्या नावांची दाटी गावाच्या सभोवार दिसते का हेही तपासायचे, कारण मघाशी म्हटल्याप्रमाणे ती नावे बाहेर तयार होतात. मोजताना दिवे, देवे, इंग्रजीत 'व्ही' घालून लिहिलेले, 'डब्ल्यू' घालून लिहिलेले, सगळे एकत्र धरायचे. नाहीतर एकाच कुळाची चार विरळ आडनावे झाल्याचा भास होतो.

विरळ आडनाव विरळच का राहते? याचा विचार फ्रान्सिस गॉल्टनने १८७३ मध्ये गणिताचा प्रश्न म्हणून मांडला, आणि १८७४ मध्ये हेन्री वॉटसनबरोबर त्यावर निबंध लिहिला. आडनाव मुलाकडून चालते असे धरा. एखाद्या घरात मुलगेच झाले नाहीत की तिथे ते थांबले. मोठ्या कुळात अशी दहा घरे थांबली तरी फरक पडत नाही. तीन-चार घरांचे आडनाव मात्र निव्वळ योगायोगाने संपू शकते. त्यात कुळाचा दोष नाही आणि मुलींचा तर नाहीच नाही. दोष असलाच तर मुलीकडून नाव न चालवण्याच्या आपल्या रीतीचा.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे तत्त्वज्ञानाकडे येतो. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात डार्टमथ गावाचे उदाहरण दिले आहे. डार्ट नदीच्या मुखावरचे, म्हणून ते डार्टमथ. उद्या नदीने पात्र बदलले तरी गावाचे नाव बदलणार नाही. म्हणून मिल म्हणतो, विशेषनाम वस्तूकडे बोट दाखवते, तिचे गुण सांगत नाही. या न्यायाने भिंगारकर कधी भिंगारला आले नसले तरी भिंगारकरच, आणि भिंगारदिव्यांच्या घरी विजेचे दिवे असले तरी चालते.

पण मिलला आपला समाज ठाऊक नव्हता. आपल्याकडे "पूर्ण नाव काय?" हा प्रश्न बोट दाखवण्यासाठी नसतो. खोली भाड्याने देताना, स्थळ बघताना, नोकरीच्या मुलाखतीत तो गुण-अवगुण ठरवण्यासाठी विचारला जातो. 'कर'वाली आडनावे नाना जातींत सापडतात, त्यामुळे भिंगारकर ऐकल्यावर विचारणाऱ्याला फक्त गाव कळते. भिंगारदिवे हे आडनाव या भागात बौद्ध घरांत भेटते, ख्रिस्ती घरांतही भेटते. ते ऐकल्यावर लोक गाव विसरतात आणि जात वाचतात. गाव एकच, पण एका नावाला "कुठले?" विचारतात आणि दुसऱ्याला "कोण?" आडनावाच्या उगमात असा भेद कुठेही नाही. तो ऐकणाऱ्याच्या कानात आहे.

म्हणून तरुण मुले विचारतात, आडनाव बदलू का? राजपत्रात जाहिरात देऊन ते करता येते, आणि ज्याला करायचे त्याला तो पूर्ण अधिकार आहे. त्याला कुणी पळपुटा म्हणू नये. फक्त बदलण्याआधी एक काम करावे असे आम्ही सुचवू. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना सातबारा, बाप्तिस्म्याची नोंद, लग्नपत्रिका, जे मिळेल त्याची प्रत काढून ठेवावी. धर्म बदलला, गाव सुटले, धंदा बदलला, तरी जे टिकले ते हे नाव. गरिबाच्या घरी बखर नसते, तिथे पूर्वजांची हालचाल सांगणारा कागद बहुधा एवढाच असतो.

आणि जे आडनाव बदलणार नाहीत, त्यांनीही तेच करावे. या सभागृहात दोन्ही आडनावांची मंडळी असतील. घरातल्या सगळ्यांत जुन्या कागदावर आपले नाव कसे लिहिले आहे, दिवे की देवे, आणि त्यावर गाव कोणते आहे, एवढे दोन तपशील पाहून आम्हाला कळवा. पन्नास घरांचे तपशील आले तरी पहिला नकाशा काढता येईल. आता प्रश्न घेऊ.