स्मृतीवाचून व्यूह : जुन्या व्हिडिओ-खेळयंत्रांवरील रणनीतीचे खेळ

बुद्धिबळाचा डाव अर्धा राहिला, तर पटावर कापड टाकून तो तसाच ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळावयास बसावे, ही रीत घरोघरी परिचित आहे. प्यादी-मोहरी जेथे उभी असतात तेथेच डावाची सारी हकीकत नमूद असते. पट हीच त्या खेळाची स्मृती होय. दूरदर्शन-संचाला जोडून खेळावयाच्या यंत्रांच्या बाबतीत मात्र ही साधी सोय वेगळ्या खर्चाची बाब होऊन बसली. रणनीतिप्रधान खेळांपैकी कोणते कोणत्या प्रदेशात पोचले, याचा निर्णय पुष्कळ अंशी या खर्चाने केला. १९९० नंतरच्या दशकात औरंगाबादेतील (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) व एकंदर मराठवाड्यातील मध्यमवर्गीय घरांत जी स्वस्त यंत्रे आली, त्यांच्या संदर्भात हे कारण तपासून पाहण्याजोगे आहे.

ही यंत्रे बहुतेक जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ या यंत्राच्या नकला होत्या. मूळ यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानात विक्रीस आले. त्याचा प्रक्रियक आठ बिटांचा असून चालू खेळाची नोंद ठेवण्यासाठी त्यात अवघी २ किलोबाइट स्मृती होती. ज्या डबीला मुले ‘कॅसेट’ म्हणत, तीत फीत नसून केवळ वाचता येणारी, लिहिता न येणारी स्मृती असे. यंत्र बंद केले की २ किलोबाइटांतील सर्व मजकूर पुसला जाई. धावण्या-उडी मारण्याच्या खेळाला याची फारशी झळ लागत नाही. त्याचे कसब खेळणाऱ्याच्या बोटांत राहते. रणनीतीच्या खेळाचे तसे नाही. तेथे पहिल्या तासाला घेतलेल्या निर्णयाचे फळ दहाव्या तासाला हाती येते, आणि मधल्या काळात कोणीतरी हिशेब सांभाळावा लागतो.

कोएई कंपनीचा ‘नोबुनागाज ॲम्बिशन’ हा याचा उत्तम नमुना होय. १९८३ साली घरगुती संगणकांवर आलेला हा खेळ १९८८ मध्ये फॅमिली कॉम्प्युटरवर आला. सोळाव्या शतकातील जपान, ओदा नोबुनागा (१५३४–१५८२) आणि त्याचे प्रतिस्पर्धी सरदार हा त्याचा विषय. खेळाडूने १७ किंवा ५० प्रांतांचा नकाशा निवडावा आणि ऋतुमानाप्रमाणे एकेक आज्ञा द्यावी : सारा किती घ्यावा, पूर थोपविण्यासाठी बंधारे घालावेत की नवी जमीन लागवडीस आणावी, तांदूळ विकावा की शिपायांसाठी राखावा. सारा वाढविला की रयतेची निष्ठा ढळते. बंधाऱ्यांकडे दुर्लक्ष झाले की पुरात पीक जाते. मोहिमेत शिधा संपला की जिंकत आलेली लढाई हातची जाते. तलवारीपेक्षा कोठाराला अधिक वजन देणारा हा खेळ दख्खनच्या इतिहासाच्या अभ्यासकास अपरिचित वाटू नये. १६१० मध्ये खडकी वसविणाऱ्या, जमीनमहसुलाची घडी बसविणाऱ्या आणि नहरींनी शहराला पाणी पुरविणाऱ्या मलिक अंबरापुढील प्रश्न याच जातीचे होते. त्याच्यावर असा खेळ कोणी रचला असता तर तो येथे अधिक गोडीने खेळला गेला असता, असे म्हणण्यास हरकत नाही.

असा खेळ लक्षात ठेवणे म्हणजे काय, याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. प्रत्येक प्रांताचे सोने, कर्ज, धान्य, उत्पन्न, निष्ठा, सैन्य, शस्त्रे इत्यादी दहा-बारा आकडे धरले, तरी पन्नास प्रांतांचे पाच-सहाशे आकडे होतात. म्हणून अशा कॅसेटीत ८ किलोबाइटांची लिहिता येणारी वेगळी स्मृती आणि ती जागी ठेवण्यासाठी नाण्याच्या आकाराची लिथियमची बॅटरी बसवीत. ‘फॅमिकॉम वॉर्स’ (१९८८) आणि ‘फायर एम्ब्लेम’ (१९९०) यांनाही हीच सोय लागली. कागदावर उतरवून घ्यावयाचा सांकेतिक शब्द हा स्वस्त पर्याय होता. ‘पीसी एंजिन’ या दुसऱ्या यंत्रावरील हडसन कंपनीच्या ‘नेक्टारिस’ने (१९८९) तो पत्करला. परंतु सहा अक्षरांत फार तर ‘अमुक नकाशापर्यंत मजल गेली’ एवढेच मावते. चालू लढाईचा मध्य त्यात मावत नाही.

नकली यंत्रांबरोबर मिळणाऱ्या कॅसेटींवर ‘९९९९९९९ इन १’ असे आकडे छापलेले असत. प्रत्यक्षात वेगळे खेळ मोजकेच. बाकीची यादी त्यांचीच नावे पालटून फुगविलेली. या कॅसेटी भरताना लहान आकाराचे, बॅटरीची गरज नसलेले आणि वाचावयास मजकूर नसलेले खेळ घेणे विक्रेत्यास परवडे. नोबुनागाचा खेळ तिन्ही कसोट्यांवर मागे पडतो. शिवाय वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या गावी स्मृतीवाचून दहा तासांचा व्यूह रचणे व्यर्थच होते.

या चाळणीतून जो खेळ उतरला, तो नामको कंपनीचा ‘बॅटल सिटी’ (१९८५). त्याचा एकंदर आकार २४ किलोबाइट. ‘टँक १९९०’ ही त्याची फेरफार केलेली आवृत्तीही सर्वत्र पसरली, आणि मुलांच्या तोंडी तो नुसता ‘टँक’ झाला. त्याला नेमबाजीचा खेळ म्हणून बाजूस सारण्याची प्रथा आहे. ती उतावळी आहे. पडद्याच्या तळाशी विटांच्या भिंतीआड गरुडाचे चिन्ह असते. ते फुटले की, कितीही जीव शिल्लक असले तरी, डाव संपतो. शत्रूचे वीस रणगाडे वरच्या तीन ठिकाणांहून येतात. वाटेतली वीट फोडली की शत्रूलाही तीच वाट मोकळी होते, आणि स्वतःचाच गोळा गरुडास लागून डाव बुडू शकतो. फावड्याचे चिन्ह मिळाले तर गरुडाभोवती काही काळ पोलादी तटबंदी उभी राहते. ते केव्हा उचलावे हाही विचाराचाच भाग. दोघे खेळत असता एकाने पुढे जावे आणि दुसऱ्याने राखणीस थांबावे, ही वाटणी बोलूनच ठरवावी लागते. आणि राखणीचे काम बहुधा धाकट्याच्या वाट्यास येई. सारा व्यूह काही मिनिटांत उभा राहून मोडतो. त्याला उद्याची स्मृती लागत नाही.

निवडक रणनीती-खेळांच्या याद्या आज जगभर प्रसिद्ध होतात, आणि त्यांत कोएई व निन्टेन्डो यांचे बॅटरीवाले खेळ अग्रभागी असतात. गुणवत्तेच्या दृष्टीने ते रास्त आहे. परंतु त्या याद्यांवरून येथील खेळाचा इतिहास लिहू गेल्यास तो न खेळलेल्या खेळांचा इतिहास होईल. साधनांचीही अडचण आहे. जुन्या कॅसेटींतील बॅटऱ्या संपत चालल्या असून त्यांबरोबर त्यांत साठविलेली राज्येही नाहीशी होत आहेत. संगणकावर जुने यंत्र हुबेहूब चालविणाऱ्या आज्ञावलींत कोणत्याही क्षणी डाव जतन करून चुकलेली खेळी परत घेता येते. त्यामुळे अभ्यासकाच्या हाती मूळ खेळाचे नियम येतात, त्यातील धास्ती येत नाही.

‘बॅटल सिटी’त खेळाडूस स्वतःचा नकाशा रचण्याची सोय होती : तेरा बाय तेरा चौकटींत विटा, पोलाद, पाणी, झाडी व बर्फ हवे तसे मांडावयाचे. हे नकाशे कोणत्याही कॅसेटीत सापडणार नाहीत, कारण यंत्राचे बटण बंद होताच ते पुसले जात. त्यांची चौकशी करावयाची तर ती आज चाळिशीत असलेल्या त्यांच्या कर्त्यांपाशीच करावी लागेल.