माशीचा गळ आणि ओढ्याकाठचा शेतकरी

मासे धरणे हा शेतकऱ्याचा धंदा नव्हे. तरी वेळूची काठी, सुताचा दोरा, ज्वारीच्या ताटाचा तरंगता तुकडा आणि गांडुळाचे आमिष घेऊन ज्याने लहानपणी नदीकाठी एकही दुपार घालविली नाही, असा शेतकरी आपल्या कोल्हापूर भागात विरळाच. ज्या गळास गांडूळ लागत नाही व कणकेची गोळीही लागत नाही, अशा एका निराळ्या गळाची ओळख आज आम्ही वाचकांस करून देणार आहोत. त्याचा आपल्या शेतीशी संबंध काय, हे लेखाच्या शेवटी ध्यानात येईल.

गळाची विद्या आपणांस परकी नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. त्यात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण असून काठी, दोर, आमिषे आणि माशांच्या जाती यांचा विचार केलेला आहे. मात्र पिसांची खोटी माशी करून मासा फसविण्याची रीत येथे इंग्रज अंमलदारांनी आणिली. दक्षिण कानडा जिल्ह्याचे कलेक्टर हेन्री सलिव्हन टॉमस यांनी हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर इंग्रजीत पुस्तक लिहून १८७३ साली ते प्रसिद्ध केले. त्यापूर्वी मुंबई सरकारच्या चाकरीत दख्खनची खानेसुमारी करणारे कर्नल साइक्स यांनी येथील माशांचे वर्णन केले होते. पुण्याजवळच्या नदीतील महासीर माशास त्यांनी १८३९ साली ‘खुद्री’ हे शास्त्रीय नाव दिले, आणि तेच आजही चालू आहे. हे दोघेही कागदपत्रांत बुडालेले अंमलदार. परंतु नदीकडे त्यांचे लक्ष होते, ही गोष्ट आम्हां दप्तरी लोकांस विचार करावयास लावणारी आहे.

आता साहित्याकडे वळू. साध्या गळास शिशाचे वजन बांधून तो फेकितात. माशीस वजन मुळीच नसते. म्हणून येथे दोरच जड करितात. काठी मागेपुढे झुलविली की बैल हाकणाऱ्याच्या आसुडाप्रमाणे दोर हवेत उलगडतो आणि टोकाची माशी पाण्यावर अलगद उतरते. हा दोर पूर्वी रेशमी असे. त्यास तेल पाजून तयार करीत आणि वापरल्यावर तो वाळवून ठेवावा लागे. हल्ली त्यावर प्लास्टिकचा लेप असतो. दोराच्या शेवटी माशास दिसू नये अशी बारीक तात असते. ती पूर्वी रेशमाच्या किड्यातून ओढून काढिलेल्या तंतूची करीत, आता नायलॉनची करितात. काठीची कथा तर अधिक मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानचा बांबू कलकत्त्याच्या नावाने परदेशी जाई. तेथील कारागीर तो चिरून त्याच्या सहा पट्ट्या सरसाने जोडीत आणि षट्‌कोनी काठी बनवीत. पुढे चीनचा बांबू आला, मग काचतंतू, आणि १९७० नंतरच्या दशकात कार्बनतंतू.

खरी करामत माशीत आहे. आकड्याच्या दांड्यावर रेशमी दोरा गुंडाळून त्यात पिसे व केस असे बांधितात की माशास तो किडाच वाटावा. काही माश्या पाण्यावर तरंगतात, काही बुडून चालतात, तर काही बारक्या माशाच्या आकाराच्या असतात. स्कॉटलंडकडील सामन माशाच्या जुन्या नामांकित माश्यांत एक लहानसे पीस हमखास आढळते. त्यावर मेणासारखा चकाकणारा पिवळसर ठिपका असतो. हे पीस राखी रानकोंबड्याच्या मानेचे होय. आणि हा पक्षी म्हणजे दाजीपूर-राधानगरीच्या रानात पहाटे आरवणारा आपला शेजारी! त्या पिसांपायी एके काळी रानकोंबडे फार मारले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांस संरक्षण मिळाले. अमेरिकेत तर केवळ मानेच्या लांब पिसांसाठी पाळीव कोंबड्यांची निवडक पैदास करण्याचा स्वतंत्र धंदा उभा राहिला आहे.

या साहित्याइतकीच मोलाची वस्तू म्हणजे या छंदाची शिस्त. जाणता गळवाला एका वेळी एकच मासा धरितो. पुष्कळजण आकड्याचा उलटा काटा दाबून टाकितात, ओल्या हाताने मासा सोडवितात आणि त्यास पुन्हा पाण्यात जाऊ देतात. पण फेकण्यापूर्वी तो ओढ्यातील दगड उलथून पाहतो, ही त्याची सवय शेतकऱ्याने अवश्य उचलावी. स्वच्छ वाहत्या पाण्यात दगडाच्या खालच्या बाजूस चपटे, बहुधा तीन शेपट्यांचे बारीक किडे चिकटलेले असतात. ते महिनोगणती पाण्यात वाढतात आणि पंख फुटल्यावर एखाददुसरा दिवसच जगतात. यांचीच नक्कल म्हणजे ती माशी. पाणी नासले की हे किडे आधी नाहीसे होतात, मासे मागाहून. तेव्हा हा दगड म्हणजे ओढ्याचा फुकटचा उताराच समजावा.

आम्ही महसूल खात्यात कारकून असताना पश्चिमेकडील एका गावी अतिवृष्टीच्या पंचनाम्यास गेलो होतो. वाटेत ओढ्याच्या कोंडात आदल्या रात्री कोणी सुरुंगाची दारू उडविली होती. मोठे मासे टोपल्यांतून गेले होते आणि बोटाएवढी शेकडो पिले पांढरी पोटे वर करून काठास लागली होती. बांधकरी जमीनदारास विचारिले, तेव्हा तो म्हणाला, “रावसाहेब, ओढा सरकारी. आमचं त्यात काय जातंय?” दप्तराच्या दृष्टीने त्याचे म्हणणे बिनचूक होते, आणि आम्हीही पिकाच्या नुकसानीचा तेवढा पंचनामा लिहून परतलो. दारूने व विषाने मासे मारणे कायद्याने गुन्हा आहे, हे आम्हांस ठाऊक होते. तरी त्या दिवशी आम्ही लेखणी उचलली नाही, याची टोचणी अद्याप गेलेली नाही.

सातबाऱ्यावर ओढा आपल्या नावे नसेल. पण विहिरीचा झरा, गुरांचे पाणी आणि पुराचा गाळ त्याच ओढ्याचा. म्हणून तीन गोष्टी आम्ही सुचवितो. औषधफवारणीचा पंप ओढ्यात धुवू नये. काही कीटकनाशकांचा अत्यल्प अंशही माशांस व पाण्यातील किड्यांस मारक ठरतो. ओढ्याच्या कडेस हातभर तरी गवताची पट्टी नांगराविना सोडावी. आणि मृगाच्या पहिल्या पाण्यास भातखाचरांकडे चढणीचे मासे येतात, त्यांपैकी गाभोळी भरलेले निदान निम्मे तरी वर जाऊ द्यावेत. घरच्या कालवणापुरते कोणी घेतले तर आमची तक्रार नाही. पण बियाण्याची कणगी कोणी दळून खात नाही, तोच न्याय येथे लावावा.

माशीचा गळ घेऊन आपण सर्वांनी नदीकाठी बसावे, असा आमचा आग्रह नाही. त्या गळवाल्याचा हात ज्या ठिकाणी थांबतो, त्या ठिकाणी आपलाही थांबावा, एवढीच विनंती. या पावसाळ्यानंतर पाणी निवळले म्हणजे प्रत्येकाने आपल्या बांधाखालच्या ओढ्यातील एक दगड उलथून पाहावा. तीन शेपट्यांचा किडा दिसला तर समाधान मानावे. न दिसला तर गावात चार जणांनी एकत्र बसून त्याचे कारण शोधावे.