गाठ उजळली, बाकीच्या शरीराचं काय?

कर्करोगावरच्या संशोधनाच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं: 'किरणोत्सारी ट्रेसर थेट गाठीत जाऊन बसला.' तसं होत नाही. ट्रेसर म्हणजे किरणोत्सारी अणू जोडलेला रेणू; उंदराच्या शेपटीच्या शिरेतून टोचला की तो रक्तावाटे सगळ्या शरीरात पसरतो. गाठीला त्यातला वाटा मिळतो आणि बहुतेक वेळा तो लहानच असतो.

हा वाटा मोजण्याची पद्धत थेट आहे. ठरलेल्या वेळी प्राण्याला वेदना न देता मारतात, एकेक अवयव काढून त्याचं वजन करतात आणि गॅमा काउंटरमध्ये ठेवतात. याची किंमत एक जीव असतो, म्हणून हाती आलेला आकडा नीट वाचलाच पाहिजे. आणि नेमका तोच चुकीचा वाचला जातो. 'गाठीत ५ टक्के प्रति ग्रॅम' म्हणजे टोचलेल्या मात्रेचे ५ टक्के गाठीत गेले, असं नव्हे. गाठ ०.२ ग्रॅमची असेल तर तिच्यात मात्रेचा फक्त १ टक्का असतो. शिवाय उंदीर २० ग्रॅमचा असेल आणि ट्रेसर सगळीकडे सारखा पसरला असेल, तर प्रत्येक ग्रॅमच्या वाट्याला ५ टक्केच येतात! म्हणजे हा आकडा एकटा काहीच सिद्ध करत नाही. त्याच वेळी रक्तात किती, स्नायूत किती, हे शेजारी ठेवलं तरच त्याला अर्थ येतो. तो जसाच्या तसा माणसाला लावणं तर साफ चूक. ७० किलोच्या शरीरात समान वाटणी झाली तर एका ग्रॅमला साधारण ०.००१४ टक्केच मिळतात.

दुसरा समज: जिथे चमक, तिथे कर्करोग. पेट स्कॅनमध्ये सर्वाधिक वापरला जाणारा एफडीजी हा ग्लुकोजसारखा रेणू. पेशी त्याला आत घेते, हेक्झोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट जोडतं, पण पुढची प्रक्रिया होत नाही आणि तो आत अडकतो. साखरेची भूक असलेल्या गाठी यामुळे दिसतात. मेंदू, हृदय आणि सुजलेली जागाही दिसते. उंदरांत तर डोळ्यामागची हार्डेरियन ग्रंथी उजळते. उंदराला थंडी वाजत असेल तर शरीर तापवणारी तपकिरी चरबीही एफडीजी ओढून घेते. म्हणून इंजेक्शनआधी प्राण्याला उपाशी आणि उबेत ठेवणं हा प्रयोगाचाच भाग असतो.

यंत्राला किरणोत्सारी अणू दिसतो, औषध दिसत नाही. प्रतिपिंडाला जोडलेलं झिर्कोनियम-८९ सुटलं तर ते हाडांत साठतं. सुटं फ्लोराइडही हाडांतच जातं, आयोडीन थायरॉइडमध्ये. हाड उजळलं की कर्करोग हाडात पसरला, असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही तो यामुळे.

वेळही महत्त्वाची. प्रतिपिंड रक्तातून ओसरायला काही दिवस लागतात. तासाभरात काढलेलं चित्र मुख्यतः रक्ताचंच असतं.

ट्रेसरचं हे तंत्र कर्करोगासाठी जन्मलं, हेही खरं नाही. १९३५मध्ये जॉर्ज द हेवेशी आणि ऑले शिविट्झ यांनी किरणोत्सारी फॉस्फरस मोठ्या उंदरांना (रॅट) देऊन दाखवलं की हाडातली खनिजं सतत बदलत असतात. हेवेशींना पुढे १९४३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो मूत्रपिंडाचा आकडा. बातमीत तो येत नाही, किरणोत्सारी उपचार मात्र त्याच्यापाशी अडतो. लहान पेप्टाइडं मूत्रपिंडात गाळली जातात, पण मूत्रनलिका त्यांतली काही परत शोषून घेतात आणि किरणोत्सार तिथेच मुक्काम करतो. लायसिन, आर्जिनिन ही अमिनो आम्लं दिली की हे शोषण घटतं. किरणोत्सारी लुटेशियम-१७७ जोडलेलं डोटाटेट हे पेप्टाइड उपचार म्हणून रुग्णाला देताना, आधी अर्ध्या तासापासून नंतर किमान तीन तासांपर्यंत, अमिनो आम्लांचं सलाइन चालू असतं, ते मूत्रपिंडं वाचवण्यासाठी.